सातवा भाग

रातबगळ्याची जखम डाव्या भुवईवर होती.
जिना चढून तो गच्चीवर आला, तर उजव्या.
"सापडली!" मी ओरडलो, आणि वहीत लिहिलं:
भाग सात, एकोणिसावं मिनिट,
जखम चालत गेली.

मी अकरा वर्षांचा. समोरच्या घरातल्या लेलंडच्या वहीत
चौतीस चुका, माझ्या वहीत एकोणचाळीस.
खलनायिकेचा डूल पुलावरून पडताना गायब,
पाण्यातून वर येताना पुन्हा कानात.
बँकेतलं घड्याळ: चार दहा, चार दहा, पावणेतीन.
म्हणजे दरोडा पडायच्या आधीच चोर पकडलेले.
शहर अमेरिकेतलं, पण मागून जाते ती बस
आमच्या बर्नबीची, एकशे तीस नंबर.
ही चूक धरायची की नाही,
यावरून लेलंड दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

आई सोफ्याच्या टोकाला मोजे जुळवत बसलेली.
तिचंच काम होतं ते. मोजे नव्हेत, जखम.
गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर फाईल,
दार कुठल्या हातानं लोटलं, ग्लासात किती उरलं,
केपची कुठली चुणी कुठल्या खांद्यावर,
दिवसाचे चौदा तास डोळ्यांत तेल घालून
ती टिपून ठेवायची.
बरोबर जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.
चुकलं तर माझ्या येतं.

"सातव्यात अकरा आहेत," मी म्हणालो.
"एरवी तीन, फार तर चार.
त्या आठवड्यात तुझ्या जागी दुसरं कुणी होतं?"
"मीच होते."
तिनं एक करडा मोजा निळ्यात गुंडाळला.

ते शूटिंग फेब्रुवारीतलं.
फेब्रुवारीत बाबा कॅम्लूप्सला कामाला गेले होते, असं मला सांगितलेलं.
दाराशेजारच्या खुंट्या तीन, कोट दोन.
न्हाणीघरातल्या आरशाखाली दाढीचा ब्रश नाही.
जेवणाच्या टेबलावरची चौथी खुर्ची आधी भिंतीशी,
मग गॅरेजमध्ये.
रोज त्याच खोल्यांतून मी वही घेऊन हिंडत होतो.
एक ओळ लिहिली नाही.

परवा तिच्याकडे गेलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय,
पाय स्टुलावर. जुनी डिस्क तिनंच लावायला सांगितली.
एकोणिसावं मिनिट आलं, जखम गेली इकडून तिकडे,
दोघंही हसलो.
मग तिनं रिमोट मागितला, थोडं मागे नेऊन थांबवलं.
"तू एक सोडलीस."

रातबगळ्याच्या शिरस्त्राणाची काळी काच.
काचेत दिवे, कॅमेरा, केबलची वेटोळी,
आणि अंगठ्याएवढी एक बाई, छातीशी फाईल धरून,
अंगात तपकिरी कोट,
बाह्या बोटांच्याही खाली आलेल्या.

"गेला तेव्हा सोबत नेला नव्हता का हा?" मी विचारलं.

"नंतर घेऊन गेला," ती म्हणाली. "मार्चमध्ये."
आणि चित्र पुढे सुरू केलं.