पाण्याच्या तारखा

झोपे एजंट म्हणाला,
ताई, लोक घर बघायला येतात, तुम्हाला नाही.
भिंतीवरची माणसं उतरवा,
देव्हारा असू द्या, त्यातले देव कमी करा,
आणि मोरीतला तो बंब,
मोडीत काय येतील ते विचारून ठेवतो.

बंब अकरा किलो भरला.
हेमराजने काट्याचा फोटो काढला. बंबाचा नाही.

भुसावळात येऊन तीन दिवस झाले.
बाहेर पंचेचाळीस, आत कुलर काढलेली खिडकी:
गज कापून केलेला चौकोन,
ज्यातून उन्हाळाभर ओल्या वाळ्याचा वास यायचा
आणि आता फक्त नेहतेंची स्कूटर दिसते, सीटवर पोतं टाकलेली.

गच्चीवर लोखंडी खाटेच्या पायांचे
चार गंजके गोल.
त्यांच्या मधोमध अण्णा निजायचे, शेडमधून आल्यावर,
यार्डातल्या शंटिंगचे धक्के ऐकत डबे मोजायचे.
चाळिसाच्या पुढे कधी गेले नाहीत.
ते गोल मी निरम्याने घासले. निघाले नाहीत.
झोपे म्हणाला, गच्ची कोण बघतं.

स्वयंपाकघराच्या दारामागे मात्र
शकील पेंटरचा हात थांबला.
हे घासू का?

दारामागच्या भिंतीवर, खांद्यापासून फरशीपर्यंत,
आईचे आकडे.
पेन्सिलीत, कोळशात, एकदा तर कुंकवात.
नळाला पाणी आलं त्या त्या दिवसाची तारीख.
सहा. चौदा. बावीस.
मग नऊ दिवसांचं अंतर, मग अकरा.
तिला आकडे यायचे, अक्षरं नाही,
म्हणून आमच्यातलं कुणी तिथे नाही,
ना हेमराजची नोकरी, ना अण्णांचं रिटायर होणं.
एका मे महिन्यात फक्त
पाणी सतरा दिवसांनी आलं
आणि त्या तारखेखाली तिने रेघ ओढलीय,
इतकी दाबून की चुना निघालाय.
त्याच महिन्यात मी नाशिकहून परत आले होते,
एका बॅगेनिशी, कायमची.
रेघ पाण्याची की माझी,
हे तेव्हा दिसलंच नाही. दार उघडंच असायचं.

झोपे म्हणाला, आधी हे. दोन कोट.
पाण्याचं आपण होऊन काढायचं नाही.
विचारलंच तर म्हणायचं, येतं.
खोटं कुठंय त्यात? येतंच ना.

मी शकीलला म्हटलं, आधी जेवून घे.
कळण्याची भाकरी होती, ठेचा होता.
तो सावकाश जेवला. मीही घाई केली नाही.

चारला बोदवडची दोघं आली.
तो पोस्टात, तिला सातवा महिना.
तो खोल्या पावलांनी मोजत फिरला.
ती सरळ स्वयंपाकघरात गेली,
दार नीट लागतं का बघायला लावून घेतलं,
आणि बराच वेळ उघडलं नाही.

कितव्या दिवशी?
तिने मला विचारलं, एजंटला नाही.
आठव्या, मी म्हटलं. मे महिन्यात बारा धरून चाला.

झोपेने पानाची पिंक टाकायला अंगण गाठलं.
हेमराजने माझ्याकडे पाहिलं,
लहानपणी भरली कळशी माझ्या हातून
सांडल्यावर पाहायचा तसं.

आमच्याकडे वीस, ती म्हणाली.
मागच्या ओट्यावरच्या निळ्या ड्रमवर तिने बोटं वाजवली,
एकावर, दुसऱ्यावर, सातही.
हे ठेवून जाल का?

पुढचं बोलणं पुरुषांनी फाटकाशी केलं,
सव्वा लाख खाली.

रात्री अडीचला नळ फुसफुसला.
आधी हवा, मग गढूळ, मग पाणी.
मी उठले, पहिला ड्रम विसळला, नळी लावली.
हेमराज अर्धवट झोपेत दारात उभा:
ताई, आता कुणासाठी?

नळी धर, म्हटलं. सुटतेय.