डाव्या पेडलचे आटे उलटे

अस्मारात, मेदेबेरच्या बाजारात,
जिथे टायरच्या चपला होतात
आणि तेलाच्या पिंपांच्या शेगड्या,
ओकबाझगीच्या टपरीपुढे माझी बहीण
उकिडवी बसली आहे.
गोणपाटावर पेडलच्या पाच जोड्या,
त्यातली एक नुसती उजवी.

लुवामच्या रुमालात नऊशे नाक्फा.
दोनशे मावशीचे,
आणि मावशी समजते ते वह्यांचे आहेत.

म्हणे क्लिपलेस. म्हणजे क्लिप नसलेलं.
आणि पायाला धरून ठेवणं हेच याचं काम!
नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.
माझ्या वेळी चामड्याचे पट्टे होते :
पाय आत, पट्टा आवळ, आणि मग देवाचं नाव.
हनुवटीवरचा व्रण त्याच काळातला.

ती पहिली जोडी उचलते,
काळी, चकचकीत, पिसासारखी हलकी.
ओकबाझगी मान हलवतो.
घे, पण हिचे क्लीट इथे मिळत नाहीत,
तीन महिन्यांत झिजतील,
मग पुतण्या परदेशातून येईल तेव्हा.
चार आण्याची कोंबडी, पोरी,
मसाल्याचं आधी विचार.

दुसरी जोडी. तीन बोल्टांची.
तळव्याखाली ही एवढी जीभ बाहेर.
शर्यतीला झकास, खाली उतरलीस की बदक.
आणि आमचं घर चढावर,
शेवटचे दीडशे पावलं दगडी पायऱ्यांचे,
सायकल खांद्यावर.
लुवाम बदकासारखी चार पावलं चालून दाखवते.
शेगड्या ठोकणारी पोरं हातोड्या थांबवून हसतात.

तिसरी ओबडधोबड.
कडा घासलेल्या, रंग उडालेला,
डोंगरातल्या सायकलींची म्हणतात,
वजन बटाट्याएवढं.
दोन बोल्ट, क्लीट बुटाच्या आत लपणारा,
दोन्ही बाजूंनी पाय बसतो,
अंधारात शोधावं लागत नाही.

ओकबाझगी आस दोन बोटांत धरून फिरवतो,
कानाशी नेतो,
डॉक्टर छातीला नळी लावतो तसा.
मग लुवामच्या कानाशी.
वाळू ऐकू येते?
नाही.
डुगडुगतं?
ती हलवून बघते. थोडं.
थोडं चालतं. थोड्याचे पन्नास कमी.

मी म्हणतो, रस्त्याच्या सायकलीला हे शोभेल का?
दोघंही माझ्याकडे बघत नाहीत.

पाना तिच्याच हातात देतो तो.
उजवं सरळ बसतं.
डावं बसेना.
ती जोर लावते, दात खाते,
शिवी जिभेवर येऊन परत जाते.
उलटं फिरव, तो म्हणतो.
डाव्याचे आटे उलटे असतात,
नाहीतर पाय मारता मारता
पेडल आपणच सुटून रस्त्यात पडलं असतं.
कोणी ठरवलं असं?
ज्याचं पडलं असेल त्याने.

सहाशे ऐंशीला सौदा.
क्लीट धरून.
उरलेले दोनशे वीस ती पुन्हा रुमालात बांधते,
वह्या येतील आता, म्हणते, खरोखरच.

रविवारी, ताडांच्या रस्त्यावर,
कॉफीच्या दुकानासमोर एक गाढव आडवं आलं.
लुवामने ब्रेक दाबला.
सायकल थांबली. पाय थांबले.
टाच बाहेर वळवायची हे कळत होतं तिला,
पण ते पायापर्यंत पोचायला जरा उशीर झाला.
मग हळूहळू,
कापलेलं झाड विचार करत पडावं तशी,
डाव्या अंगावर.

म्हातारे कप हातात धरून उभे राहिले.
कोणी हसलं नाही.
त्यातले निम्मे
याच चौकात कधी ना कधी पडलेले असणार.

ती आडवीच होती,
दोन्ही पाय अजून पेडलमध्ये अडकलेले,
कोपर लाल, डोळ्यात पाणी की घाम कुणास ठाऊक.
मी धावत गेलो तर म्हणाली,
उचलू नकोस.
खिशात अॅलन की आहे, ती दे.

आणि तशीच पडल्या पडल्या
स्प्रिंगचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला तिने,
टाच झटकली.
टक्.
उजवा सुटला.
डाव्यासाठी मान वाकडी करून
क्षणभर थांबली,
स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो,
हे आठवत.