एक घमेलं गारा

तिशकाचा घाट उतरल्यावर
बास्सूला विचारलं, या खोऱ्यात किल्ले एकूण किती?
त्यानं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले
आणि मीच घाईनं विषय बदलला.

दादेसच्या काठानं सगळी माती.
मातीचे बुरूज, मातीच्या जंग्या,
महालांच्या कपाळांवर गोंदल्यासारखी नक्षी.
काही उभे. काही गुडघ्यांवर आलेले.
काही असे बसलेत
की डोंगर कुठे संपला आणि राज्य कुठे लागलं
ते फक्त माथ्यावरच्या करकोच्यांना ठाऊक.

"कसबा," बास्सू बोट दाखवतो.
आहे आमच्याकडे हा शब्द, मी म्हणते,
आमच्या कसब्यात दळण मिळतं, पंक्चर निघतं.
बुरूजही आहे. किल्लाही.
"ते अरबांचे," तो म्हणतो, "आम्हीही उसनेच घेतलेत.
आमचा शब्द तिघ्रेम्त."
मी तीनदा म्हणून पाहते.
तिन्ही वेळा तो हसतो.

दारात इत्तो. कोपरापर्यंत हात भरलेले,
वय विचारू नये असं वय.
तिकीट?
"एक घमेलं," बास्सू सांगतो. मग पुन्हा सांगतो.
माती, भुसा, नदीचं पाणी, खेचरानं तुडवलेलं;
ते गच्चीपर्यंत न्यायचं.
एकेकानं एक. लहान मुलांना अर्धं.

माझ्यापुढे लियोंचे एक निवृत्त दंतवैद्य
प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेत चढताहेत.
अंधार. खाली मेंढ्यांचा वास,
मधे रिकामी कणगी,
वर कैदच्या दिवाणखान्याचं छत:
अर्ध्यात देवदाराची रंगीत फुलं,
अर्ध्यात आभाळ.

मला वाटलं होतं, ही त्या कैदची नात असेल.
नात आहे, पण घमेल्याची.
तिचा आजा इथे वेठीला होता,
तीन वर्षं, मुकादमाच्या छडीखाली,
याच पायऱ्यांवरून.
कैदची माणसं एका रात्रीत निघून गेली,
घोडेसुद्धा मागे ठेवून.

मग तू कशाला लिंपतेस?

हे बास्सूनं विचारलं, मी नाही.
मला धीर झाला नसता.

इत्तो जिन्याच्या वळणाशी गेली,
खांद्याच्या उंचीला कोरी भिंत होती,
तिथे तळवा टेकवला.
"इथे त्याचा पंजा आहे.
ओल्या गाऱ्यात उठवला होता, मुकादमाची पाठ वळल्यावर.
मी पाहिलाय, लहानपणी, एकदा.
आता वर चाळीसेक थर आलेत.
पाऊस तिथवर पोचू द्यायचा नाही, एवढंच."

एवढंच.
मग ती दंतवैद्यांवर ओरडली,
त्यांचा गारा फार पातळ होता.

संध्याकाळी दुसरा महाल.
तिथे मखमली दोर, दिवे,
भिंतींना हात लावू नये अशी पाटी चार भाषांत.
खिडकीतल्या मुलानं माझी नोट उलटून पाहिली,
वाळलेली माती नखानं खरवडली,
फुंकर मारली
आणि सुट्टे परत दिले.