निधान

पुरसोबाब, सारखा फोन करू नका.
पोचतो म्हटलं की पोचतो.
कधी, ते मला नका विचारू,
गुंजीच्या अलीकडं चुना फासून उभ्या केलेल्या
त्या डांबराच्या पिंपाला विचारा.
दोन वर्षं झाली, जागचं हललं नाही.
आता त्याला रेशन कार्ड मिळायला हरकत नसावी.

कडोलीतनं निघालो तवा कोथिंबीर ताठ होती,
रताळ्यांना अजून शेताची माती.
पिरनवाडी, मच्छे, देसूर,
तिथवर रस्ता माणसात होता.
खानापूर सोडलं
आणि रस्त्यानं रस्तेपण सोडलं.
डावीकडं खडी, उजवीकडं चर,
मधी सिमेंटचा एक तुकडा, शंभर पावलांचा,
इतका गुळगुळीत की भीती वाटते
चुकून दुसऱ्याच्या अंगणात आलो काय.
मग परत धाड.
मागचा पाटा गेल्या महिन्यात तुटला, नजीर मिस्त्री म्हणाला,
तुझ्या नावानं एक वेगळी वहीच घालतो.

इथं एक बोर्ड हाय.
मी क्लीनर होतो तवा असाच एक होता, मराठी शाळेतनं सातवी झालेला मी,
आणि भरमाण्णानं तो मोठ्यांदा वाचला:
निधानवागि चलिसि.
निधान!
गुरुजींनी शिकवलं होतं, निधान म्हणजे पुरलेलं धन.
म्हटलं, तरीच खोदतायत.
भरमाण्णा इतका हसला की गाडी कडेला घ्यावी लागली.
अरे लेकरा, त्यांच्यात निधान म्हणजे सावकाश.

आज मला दोन्ही अर्थ येतात
आणि वाटतं, पोरगं तसं चुकलं नव्हतं.
धन होतंच इथं.
ज्याला सापडायचं त्याला सापडलं,
खड्डा तेवढा आम्हाला ठेवला.

बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा यावर
तिकडं शहरात गळे सुकतात.
ते म्हणतात गुंडी, आम्ही म्हणतो खड्डा,
पाटा दोन्हीत मोडतो.
शिव्या मला तीन भाषांत येतात, तुमची धरून.
चाळीस मिनिटं झाली,
पुढं दुधाचा टँकर, मागं एस्टी,
तिन्ही संपल्या.

मग उतरलो. ठरवलंच होतं,
आज कुणाची तरी कॉलर धरायची.
पण अख्ख्या कामावर माणूस एकच,
दुर्गप्पा, लिंगसुगूरकडचा, रोलरचा ड्रायव्हर.
तीन दगडांवर चहा ठेवलेला.
कॉलर नव्हतीच, बनियन होता.
अकरा दिवस डिझेल आलं नाही, म्हणाला,
साहेब येतो म्हणतात.
बॅटरी चोरीला जाईल म्हणून रात्री रोलरवरच झोपतो.

मला चहा दिला. विचारलं, गाडीत काय?
ढबू मिरची दिली चार.
मग म्हणाला, गोव्यात समुद्र खरंच दिसतो का रस्त्यावरनं?
दोन वर्षं गोव्याचा रस्ता करतोय हा,
आणि गोवा बघितला नाही.
रोलरनं गेलो तर किती वेळ लागेल?
आम्ही दोघांनी मातीत काडीनं हिशेब मांडला.
तासाला चार किलोमीटर,
घाट वेगळा धरायचा,
चहाला थांबणं वेगळं.
पुरसोबाब, हसू नका,
माझा आजचा हिशेब काढला
तर तो माझ्यापेक्षा फार मागं नाही.

थांबा, टँकर हलला.
निशाणवाल्या पोरानं हिरवं दाखवलं,
का लालच उलटं धरलंय, अंधारात कळंना.
ठेवतो.
मागनं दुर्गप्पा बॅटरी मारतोय, ओरडतोय,
निधान, निधान होग्री!
कुठल्या भाषेत म्हणाला
ते विचारायला गाडी थांबवता येत नाही.

हां, कोथिंबीर.
अर्धी धरा.