दोन इंच

खुर्ची रिक्षातून आली,
एस्तेरबाईंच्या मांडीवर आडवी,
चारी पाय मिरजेच्या बाजारात
बाहेर लोंबत.
"नजीर, ही कापायची," म्हणाल्या.
मी म्हटलं, आधी चहा घ्या.

उलटी केली. बुडाला डाग दिलेला, गोल,
आत कुठल्या तरी लांबच्या गावाचं नाव.
त्यातल्या ओ ला मधून तिरकी रेघ,
जणू चूक समजून कुणी खोडला.
सागवान, पण वास गेलेला.
हातांचं वळण असं, की रंधा कुठं टेकला
नि कुठं उचलला, बोटाला सापडत नाही.
खिळा एक नाही. सांध्यात केस शिरेना.
अब्बा सतारीची दांडी अशी घासायचे.
दुसऱ्या कशाला त्यांनी इतका वेळ दिला नाही,
मलासुद्धा.

बैठक कागदाच्या दोरीनं विणलेली.
कागदाच्या!
मधे निळ्या नायलॉनचं ठिगळ,
बाईंनी स्वतः घातलेलं,
टाके दवाखान्यातले.

मिशनचा गोरा डॉक्टर अडुसष्ट साली गेला,
पडदे विकले, सायकल विकली,
खुर्ची रात्रपाळीच्या नर्सला देऊन गेला.
तो सहा फूट दोन. ह्या चार फूट दहा.
तेव्हापासून बाई त्या खुर्चीत बसल्या त्या
खोक्यावर पाय ठेवून.
खोकं आधी लाकडी, औषधांचं,
मग पत्र्याचं, आता प्लॅस्टिकचं.

दुपारी भाचीचा फोन, प्रिसिलाचा.
"चाचा, करवत लावू नका.
पुण्याचा माणूस ऐंशी हजार देतोय.
डेन्मार्कची आहे, जुनी, फोटो पाठवलाय बघा."
फोटोत तसलीच एक, पांढऱ्या खोलीत,
शेजारी कुंडीत एकच झाड.
बसलेलं कुणी नव्हतं.

संध्याकाळी बाईंकडं गेलो.
"ऐंशी हजार, बाई."
"ऐंशी मी कधीच ओलांडली. हजार त्याचे त्याला."
"असलं काम बिघडवायला माझा हात धजत नाही.
मी हात टेकले."
"तू हात टेकलेस, बरं झालं.
मला पाय टेकायचेत."

तिरके पाय सरळ कापून चालत नाही.
फरशीला पाणसळ लावली,
ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरली,
एकेका पायाभोवती फिरवली,
पैंजणाचं माप घेतल्यासारखी.
पहिल्या कापाला आतलं लाकूड दिसलं,
मधाच्या रंगाचं.
बाहेरून एवढी काळवंडलेली खुर्ची,
आत कुणी इतकं कोवळं बसलं असेल
असं वाटलं नव्हतं.
वासही आला. तेव्हाच.

तीन पाय झाले.
चौथ्याच्या वेळी गल्लीत कुणी सतार जुळवत होतं.
तार चढत चढत सुराच्या अलीकडं थांबली.
मीही थांबलो.
मग ती गेली पुढं, मग मी.

दुसऱ्या दिवशी पोचवली.
बाई बसल्या. बोलल्या काही नाहीत.
टाच उचलली, टेकवली. परत उचलली.
मग खोकं पायानंच ढकललं
पार कॉटखाली.
मी मजुरी सांगणार, तेवढ्यात
त्या जरा पुढं झुकल्या, जरा मागं.
"डुलते रे.
एक पाय कागदभर आखूड आहे."

होता.
चौथाच.
फ्रीजवर चुंबकाखाली पुण्याच्या माणसाचं कार्ड होतं,
जाड, गुळगुळीत, सोनेरी अक्षरांचं.
बाईंनी बोट दाखवलं.
एक घडी घातली, सरकवली.
बसलं.

चार चकत्या माझ्या गल्ल्यात आहेत,
सुट्ट्या पैशांत वाजतात.
प्रिसिला अजून बोलत नाही माझ्याशी.