वारें चुकलां

रायबंदरच्या घरात, जिन्याच्या वळणावर
दोन गलबतं कधीची भांडतायत.
कापसाच्या बोळ्यानं मी धूर पुसतो,
तोफांचा नव्हे, मेणबत्त्यांचा.

मासळी द्यायला आलेला तांडेल रुझार
पाटली खाली ठेवून बघत राहतो.
शिडं फुगलीयत पूर्वेला,
बावटा फडफडतोय पश्चिमेला.
"वारें चुकलां," म्हणतो, आणि सुट्टे पैसे मोजतो.

म्हणजे चितारी किनाऱ्यावर होता.
बहुधा उंच खिडकीत, जेवूनखाऊन.

संध्याकाळी डाव्या कोपऱ्यातलं काजळ सुटतं.
एक होडी. दोघं.
लढाईकडे पाठ,
जाळं अर्धं वर, अर्धं पाण्यात,
मुंडाशाचं टोक शिडांच्याच दिशेनं.

हा हात वेगळा.
सही एकच.

उद्या रुझारला विचारायचंय,
या वाऱ्याला
कुठली मासळी लागते.