प्रेरणास्थान (दोन ओळींत)

मंडळाच्या स्मरणिकेसाठी माहिती हवी म्हणून
शिरोडकरांची दीक्षा छापील कागद घेऊन आली.
नाव: भालचंद्र जगन्नाथ तांडेल, वेंगुर्ला बंदर.
वाद्य: पायपेटी.
अनुभव: अडतीस हंगाम,
तुळशीच्या लग्नापासून आगोट लागेपर्यंत.
इथवर बरं चाललं.

मग आला छंद.
"वाचन लिहू काका? सगळे वाचनच लिहितात."
म्हटलं, चष्मा मोडलाय माघापासून.
लिही, लिलाव ऐकायला आवडतो.
सकाळी साडेसहाला पापलेटाच्या टोपलीभोवती
कार्मेलीन फर्नांडिस आकडे म्हणते:
तीनशे, साडेतीनशे, साडेतीनशे, साडेतीनशे,
आणि चारशे म्हणायच्या आधी
थांबते.
तेवढ्या थांबण्यासाठी मी जातो,
मासळी बहुतेकदा घेतच नाही.
राजा तलवार उपसून गप्प उभा राहतो
तेव्हा भात्यावरचा माझा पाय जो थांबतो,
तो तिच्याकडून चोरलेला.
दीक्षाने लिहिलं: मासेमारी.

आवडते मनोरंजन.
टेनिस बॉलचे सामने. म्हणजे खेळ नव्हे,
त्याच्यावरचा हरमलकरांच्या पोराचा माईक.
"बॉल गेलो, गेलो, गेलो... माडात गेलो!"
बॉल झावळीत अडकला,
चढणारा माणूस जेवायला गेलेला,
तर हा अकरा मिनिटं एकटा बोलला:
कोणाची बकरी मैदानात, कोणाच्या हळदीचं आमंत्रण,
मग वाऱ्याची दिशा, मग पुन्हा बकरी.
एका जत्रेला राक्षसाची दाढी सुटली,
रंगपटात डिंक सापडेना,
तेव्हा मीही एकाच तानेवर असाच बसलो होतो,
लोकांना वाटलं, आज पेटी रंगलीय.

शेवटी प्रेरणास्थान.
दोन ठिपक्यांच्या ओळी.
"गुरू लिहा. नाहीतर आई."
गुरू चांगलेच होते, आईही.
पण खरं विचारशील तर
आमच्या परड्यामागचा बर्फाचा कारखाना.

त्याचं यंत्र रात्रंदिवस एकच सूर धरून असे,
काळी चार, केसभर खाली.
मला षड्ज कोणी दिला नाही,
तो भिंतीतून येत होता,
मी फक्त त्याच्यावर झोपलो, जेवलो, शिकलो.
खाऱ्या हवेने स्वर गंजायचे,
दर वर्षी मी ते मुळाशी थोडे घासायचो,
मुळाशी घासलं की सूर उतरतो,
आणि कान म्हणेल तिथे थांबायचो.
कान कुठे थांबत होता
ते कुडाळच्या एका पेटीवाल्याने सांगितलं:
"तुमची पेटी उतरलीय हो."
म्हटलं, आमच्याकडे काळी चार इथेच असते.

दोन वर्षं झाली, कारखाना बंद पडला.
बर्फ आता टेम्पोने येतो.
त्या रात्री मी जागा झालो, बायकोही.
"काय झाला?"
"झाला काय नाय. थांबला."
आम्ही दोघं उठून बसलो,
कोणी दार वाजवावं तसे.
पहिल्यांदाच समुद्र ऐकू आला,
इतका जवळ होता तो, इतकी वर्षं,
आणि सुरात अजिबात नव्हता.

स्वर पुन्हा चढवायला हवेत,
मंडळी कुरकुरतात, नवा गायक तर बोलूनच दाखवतो.
कानस काढून ठेवलीय खिडकीत.
बघू.

दीक्षा म्हणाली, "हे दोन ओळींत नाही बसणार."
मग जरा वेळाने, "वाजवा ना तो."
मी पाय मारले, काळी चार दाबली.
फडताळात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे,
पूर्वी दिवसभर झणझणायचा,
बायकोने खाली फडकं घालून घालून हात टेकले होते.
तो झणझणला.
थोडाच. झाकणाच्या एका कडेला.

दीक्षाने मान वर केली, डब्याकडे पाहिलं,
मग कागद गुडघ्यावर घेऊन
बराच वेळ काहीतरी लिहिलं,
दोन्ही ओळी भरल्या, समासातही गेली.
मला ठिपके तेवढे दिसले, तेही पुसट.
स्मरणिका छापून आली की
कोणाकडून तरी वाचून घेईन.